अहवालातील आलेख आणि त्यांवरची लेबले

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७५ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि म्हणून ऑगस्ट उजाडला की पतसंस्था, विकास सोसायट्या आणि नागरी बँका यांचे छापील अहवाल सभासदांच्या घरी येऊन पडू लागतात. अध्यक्षांचे मनोगत, संचालकांची छायाचित्रे, सभेची विषयपत्रिका आणि मग चार-सहा रंगीत आलेख, असा या पुस्तिकांचा ठरलेला क्रम असतो. हेच आलेख ‘ठेवींत घसघशीत वाढ’ अशा मथळ्याच्या प्रसिद्धिपत्रकासोबत वृत्तपत्रांकडे येतात आणि आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावरही अधूनमधून छापले जातात. अशा काही संस्थांचे हिशेब आणि अहवालातली कोष्टके तयार करण्याचे काम मी करतो. त्या अनुभवावरून या आलेखांवरचे मथळे, अक्षांवरचे आकडे आणि लेबले यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्राला जागा मिळावी, ही विनंती.

ताळेबंदातला प्रत्येक आकडा तपासला जातो आणि त्याखाली लेखापरीक्षकांची सही असते. आलेखाखाली कुणाचीच सही नसते. प्रत्यक्षात मात्र सर्वसामान्य सभासद ताळेबंदाच्या दोन बाजू वाचत बसत नाही, तो आलेख पाहतो, त्यावरून संस्था चांगली चालली आहे की नाही याचा अंदाज बांधतो आणि लाभांशाच्या ठरावाकडे वळतो. ज्या चित्रावर इतके अवलंबून असते त्याची तयारी मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन दिवसांत, मागील वर्षाची फाइल उघडून आणि आकडे बदलून उरकली जाते. त्यात दोन प्रकारची हयगय मला वारंवार दिसते. पहिली म्हणजे सॉफ्टवेअरने जसा आलेख दिला तसाच, एकही भाग न बदलता, छापायला पाठवणे. दुसरी याच्या नेमकी उलट, आणि माझ्या मते अधिक घातक, ती म्हणजे लेबले हाताने पुसून त्यांच्या जागी मजकूर टंकित करणे.

पहिल्या प्रकाराची खूण ओळखायला वेळ लागत नाही. आलेखाच्या डोक्यावर ‘चार्ट टायटल’ आणि खाली निळ्या चौकोनापुढे ‘सिरीज १’ असे छापलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि ‘ही सिरीज १ म्हणजे आपली कोणती शाखा?’ असा प्रश्न भर सभेत विचारणारे ज्येष्ठ सभासदही पाहिले आहेत. त्यांचा प्रश्न रास्त होता. कोष्टकात स्तंभाच्या डोक्यावर नाव लिहिलेले नसले किंवा आलेखासाठी आकडे निवडताना ती वरची ओळ सुटली, तर एक्सेलला आकड्यांच्या मालिकेचे, म्हणजे ‘सिरीज’चे, नाव कळण्याचा मार्ग उरत नाही आणि ते आपले ठरावीक नाव देऊन मोकळे होते. स्तंभाच्या डोक्यावर ‘ठेवी (कोटी रुपये)’ असे लिहून ती ओळही निवडली, तर निम्मे काम तिथेच होते.

मथळ्याचा प्रश्न याहून थोडा खोल आहे. मागील वर्षाच्या फाइलवरून काम केले की आकडे नवे येतात, पण मथळ्यातले वर्ष जुनेच राहते, आणि ‘३१ मार्च अखेर’च्या पुढचा चुकीचा आकडा छपाईनंतरच कुणाच्या तरी लक्षात येतो. यावर एक्सेलमध्ये सोपी सोय आहे. आलेखाचा मथळा एकदा क्लिक करून निवडावा, वरच्या सूत्रपट्टीत बरोबरचे चिन्ह (=) लिहावे आणि कोष्टकातल्या ज्या चौकटीत (सेलमध्ये) मथळ्याचा मजकूर आहे तिच्यावर क्लिक करून एंटर दाबावे. यापुढे मथळा त्या चौकटीशी बांधला जातो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात अहवालवर्ष एकाच जागी लिहून सर्व आलेखांचे मथळे सूत्राने त्यावरून तयार करून घेतले, तर पुढच्या वर्षी एक आकडा बदलल्यावर सगळे मथळे आपोआप बदलतात.

आता उभ्या अक्षाविषयी, कारण सभासदांची सर्वांत मोठी दिशाभूल तिथेच होते आणि ती बहुधा कुणाचा हेतू नसताना होते. समजा, एका पतसंस्थेच्या ठेवी लागोपाठच्या चार वर्षांच्या अखेरीस ४८ कोटी, ४९.५ कोटी, ५०.८ कोटी आणि ५२ कोटी रुपये होत्या. हे आकडे निवडून स्तंभालेख काढला, तर एक्सेल अक्षाची सुरुवात शून्यापासून करत नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येतला फरक मोठ्या संख्येच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे सुमारे १६.६७ टक्क्यांहून कमी असेल, तर लहान संख्येतून त्या फरकाचा निम्मा भाग वजा करून त्याच्या आसपासच्या खालच्या टप्प्यावर अक्ष सुरू करायचा, असा त्याचा स्वयंचलित नियम आहे. इथे फरक ४ कोटींचा, त्याचा निम्मा २ कोटी, म्हणून अक्ष ४६ कोटींवर सुरू होतो. पहिला स्तंभ ४६ ते ४८ असा दोन कोटींच्या उंचीचा आणि शेवटचा ४६ ते ५२ असा सहा कोटींच्या उंचीचा दिसतो. ठेवी प्रत्यक्षात वाढल्या ८.३ टक्के, पण डोळ्याला त्या तिप्पट झालेल्या दिसतात. अहवालातल्या कोष्टकात आकडे अगदी बरोबर असतात, त्यामुळे कुणाला खोटे ठरवता येत नाही, पण सभासद घरी घेऊन जातो ते तिपटीचे चित्र.

स्तंभालेखात वाचक लांबीची तुलना करत असतो, म्हणून त्याचा पाया शून्यच हवा, या बाबतीत सवलत देऊ नये असे माझे मत आहे. अक्षावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडले की किमान मूल्याचा रकाना दिसतो, त्यात शून्य लिहिले की काम झाले. यावर संचालक मंडळातून हमखास येणारा आक्षेप असा की मग सगळे स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात आणि प्रगती दिसतच नाही. दिसत नाही, कारण एवढ्या काळात आठ टक्के ही वाढ तेवढीच आहे. वाढ दाखवायचीच असेल, तर दरवर्षीच्या वाढीची टक्केवारी हा वेगळा आलेख काढावा. किंवा रेषालेख काढावा. रेषालेखात नजर उंचीकडे नसून चढ-उताराकडे असते, त्यामुळे त्याचा अक्ष शून्यापासून सुरू झाला नाही तरी चालते, मात्र ‘अक्षाची सुरुवात ४६ कोटींपासून’ असे अक्षाच्या नावातच स्पष्ट लिहिलेले असावे. किमान मूल्याप्रमाणे कमाल मूल्यही हाताने ठरवता येते, पण तो मोह टाळलेला बरा. कुणी ते ५५ कोटींवर बांधून ठेवले आणि ठेवी पुढे ५८ कोटींवर गेल्या, तर स्तंभ वरच्या कडेलाच थांबतो आणि खरी वाढ झाली त्या वर्षीच ती चित्रात मावत नाही.

अक्षावरच्या आकड्यांचे रूप हाही आपल्याकडचा खास प्रश्न आहे. हिशेबाच्या कोष्टकात रक्कम पूर्ण रुपयांत असते आणि संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची ठेवलेली असेल, तर अक्षावर ५२०,०००,००० असे उमटते. लाख-कोटींत विचार करणाऱ्या माणसाला तीन-तीन अंकांवरच्या स्वल्पविरामांची ही संख्या क्षणभर थांबून मोजावी लागते, आणि छापील आलेखाजवळ कुणी इतका वेळ थांबत नाही. विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत भारत निवडला तर स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात. तरीही अक्षावर ५२,००,००,००० असे लांबलचक आकडे ठेवण्यात अर्थ नाही. एक्सेलच्या अक्षाच्या मांडणीत ‘डिस्प्ले युनिट्स’ नावाची यादी आहे. तिच्यात हजार, मिलियन, बिलियन यांची नावे आहेत, पण लाखाचे आणि कोटीचे नाव नाही, म्हणून आपल्याकडचे बरेच जण ती पाहून बंद करतात. त्या यादीत नीट खाली पाहिले तर १००००० आणि १००००००० हे दोन पर्याय नुसत्या अंकांत दिलेले आहेत. तेच आपले लाख आणि कोटी. त्यांतला एक निवडून अक्षाशेजारी येणारा एककाचा मजकूर बदलून तिथे ‘कोटी रुपये’ लिहिले, की अक्षावर ०, १०, २०, ३० असे सुटसुटीत आकडे उरतात.

मला स्वतःला त्याहूनही साधा मार्ग बरा वाटतो. रुपयांच्या स्तंभाशेजारी एक मदतीचा स्तंभ ठेवावा, त्यात रकमेला एक कोटीने भागावे आणि आलेख त्या स्तंभावरून काढावा. पुढे लेबलांवर ‘५२.० कोटी’ असे हवे असल्यास संख्येच्या साच्यात (नंबर फॉरमॅटमध्ये) एक दशांश स्थळ मागून त्यापुढे अवतरणचिन्हांत ‘कोटी’ हा शब्द लिहिता येतो. असे केल्याने शब्द दिसतो, पण आतला आकडा आकडाच राहतो. आणि लेबलांवर प्रत्येक स्तंभाची रक्कम आलीच असेल, तर उभ्या अक्षावरचे आकडे आणि मागच्या आडव्या रेषा काढून टाकायला हरकत नसते. दोन्ही ठेवले तर तीच माहिती दोनदा छापली जाते आणि चित्र उगाच गजबजते.

आता दुसऱ्या हयगयीकडे वळतो. अहवालाचे पान बहुधा कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लागते, आणि मराठी मजकूर श्रीलिपीच्या किंवा तत्सम जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतो. एक्सेलमधला आलेख चित्र म्हणून तिथे चिकटवला जातो. त्यावरची लेबले इंग्रजीत असतात किंवा बाकीच्या पानाशी जुळत नाहीत, म्हणून पान लावणारा त्यांच्यावर पांढरी चौकट टाकतो आणि शाखांची नावे व रकमा स्वतः टंकित करतो. त्याचा यात दोष नाही, त्याला पान देखणे करायचे असते. पण त्या क्षणी लेबल आणि आकडा यांची ताटातूट होते. मग लेखापरीक्षणात शेवटच्या क्षणी एखादी नोंद दुरुस्त झाली, कोष्टक बदलले आणि नवा आलेख पाठवला गेला, तरी वरची पांढरी चौकट जुनीच राहते. स्तंभ ५१ कोटींच्या उंचीचा आणि त्याच्या डोक्यावर ५२ कोटी, असा प्रकार त्यातूनच घडतो.

हीच ताटातूट एक्सेलच्या आतही होऊ शकते, आणि ती अनेकांना माहीत नसते. स्तंभावरच्या लेबलावर दोनदा सावकाश क्लिक करून त्यातला आकडा पुसला आणि तिथे काहीही लिहिले, तर तो मजकूर तिथेच गोठतो. खाली कोष्टकात आकडा बदलला की स्तंभाची उंची बदलते, लेबल बदलत नाही. ते पूर्ववत करायचे तर लेबलाच्या मांडणीत ‘रिसेट लेबल टेक्स्ट’ असे बटण आहे. कुणा दुसऱ्याने तयार केलेली फाइल हाती आली की मी ते सर्व मालिकांवर दाबून पाहतो. ज्या लेबलाचा मजकूर बदलतो ते कुणीतरी हाताने लिहिलेले होते, हे लगेच कळते.

लेबलात आकड्याखेरीज काही लिहू नये, असे मात्र माझे म्हणणे मुळीच नाही. उलट ‘५२.० कोटी, वाढ २.४ टक्के’ असे लेबल नुसत्या रकमेपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. पण ते लिहावे कोष्टकातल्या चौकटीत, सूत्राने. रक्कम आणि टक्केवारी जोडणारे सूत्र शेजारच्या स्तंभात तयार करून ठेवावे आणि लेबलाच्या मांडणीत ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ हा पर्याय निवडून तो स्तंभ दाखवावा. एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून ही सोय आली. त्याआधी रॉब बोवी यांनी याच कामासाठी विनामूल्य उपलब्ध करून दिलेली एक्सवाय चार्ट लेबलर ही जोडप्रणाली (ॲड-इन) जगभर वापरली जात असे, यावरून तिची गरज किती होती हे समजते. अजूनही २०१० ची आवृत्ती चालवणाऱ्या कार्यालयात अशी फाइल उघडली, तर लेबलांच्या जागी कंसात ‘सेलरेंज’ एवढाच शब्द दिसतो, म्हणून फाइल पाठवताना सोबत पीडीएफ द्यावी. गूगल शीट्समध्येही आलेखाच्या संपादकात मालिकेच्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून लेबलांसाठी वेगळा स्तंभ जोडता येतो.

वर्षांच्या लेबलांबाबत एक फसगत सांगितली पाहिजे, कारण ती आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च मोजणाऱ्यांच्याच वाट्याला येते. रौप्यमहोत्सवी वर्षात संस्था पंचवीस वर्षांच्या वाटचालीचा आलेख काढतात. त्यासाठी एक्सेलमध्ये वर्षांची नावे लिहिताना २०१२-१३ किंवा २०१९-२० बिनबोभाट उमटतात, पण २०११-१२ लिहून एंटर दाबले की ते डिसेंबर २०११ होते, २०१०-११ चे नोव्हेंबर २०१० होते आणि २००५-०६ चे जून २००५. शेवटचे दोन अंक १ ते १२ यांत बसत असल्याने एक्सेल त्यांना महिना समजते. २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतची सगळी बारा वर्षे या सापळ्यात सापडतात. छापील अहवालात एकाच अक्षावर निम्मी लेबले महिन्यांची आणि निम्मी वर्षांची दिसली, तर कारण हेच असते. आकडे लिहिण्यापूर्वी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवला किंवा वर्षापूर्वी एकेरी अवतरणचिन्ह टाकले, की अडचण मिटते. आधी लिहून मग स्तंभ बदलला तर उपयोग होत नाही, कारण तोवर वर्षाची तारीख झालेली असते.

वाटचालीच्या अशाच आलेखांत मधली काही वर्षे गाळलेली असतात. १९९५, २०००, २००५, २०१०, २०१५ आणि मग २०२१, २०२२, २०२३, २०२४ असे स्तंभ सारख्या अंतरावर मांडले जातात. पाच वर्षांची वाढ आणि एका वर्षाची वाढ एकाच पायरीत बसल्यामुळे अलीकडे संस्था मंदावली असे वाटते, जे कदाचित खरे नसते. आडवा अक्ष तारखेचा ठरवला किंवा बिंदूंचा आलेख काढला तर अंतरे कालाच्या प्रमाणात पडतात.

कोणता रंग कशाचा हे सांगणाऱ्या रंगसूचीचा मुद्दा छपाईशी निगडित आहे. आलेख पडद्यावर रंगीत दिसतो, पण अहवालाची आतली पाने अनेकदा काळ्या शाईत छापली जातात, सभेत वाटायच्या प्रती झेरॉक्सवर निघतात आणि वृत्तपत्राचे आतले पान तर बऱ्याचदा कृष्णधवलच असते. तिथे निळा, लाल आणि हिरवा हे तिन्ही रंग करड्याच्या जवळजवळ एकाच छटेत उतरतात आणि खालची सूची निरुपयोगी ठरते. लाल आणि हिरव्यात फरक न दिसणाऱ्या वाचकांची अडचण रंगीत छपाईतही असतेच. यावर उपाय म्हणजे सूची काढून टाकून रेषेचे नाव रेषेजवळच लिहिणे. त्यासाठी रेषेवर एकदा क्लिक केल्यावर सगळी रेषा निवडली जाते, मग थोडे थांबून शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक केले की तेवढा एकच बिंदू निवडला जातो. त्या एकाच बिंदूला लेबल जोडावे, त्यात ‘सिरीज नेम’वर खूण करावी आणि जागा उजवीकडची ठेवावी. ठेवी, कर्जे आणि गुंतवणूक ही तिन्ही नावे आपापल्या रेषांच्या टोकाशी येतात आणि वाचकाची नजर खाली-वर जात नाही.

ही काही नवी युक्ती नव्हे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली लंडनमध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांतल्या डेन्मार्क-नॉर्वेशी झालेल्या १७०० ते १७८० या काळातल्या व्यापाराच्या आलेखात आयातीची रेषा आणि निर्यातीची रेषा ही नावे त्या त्या रेषेच्या अंगानेच कोरलेली आहेत, सूची कुठेही नाही. शिवाय तळाची रेषा वर्षांत आणि उजवीकडची रेषा दहा-दहा हजार पौंडांत विभागली आहे, असे एक सरळ वाक्य त्याने चित्राखाली दिले आहे. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरण्याच्या काळात ज्याने अक्षाचे एकक वाक्यात सांगण्याचे कष्ट घेतले, त्याच्यापुढे आपली ‘सिरीज १’ जरा ओशाळवाणी वाटते.

शाखानिहाय आलेखांत नावांची दाटी होते. पंधरा-वीस शाखांची नावे उभ्या स्तंभांखाली मावली नाहीत, की एक्सेल ती तिरकी करते, मग उभी करते, आणि तरीही जागा पुरली नाही तर मधली नावे वगळते. ‘छत्रपती संभाजीनगर’ किंवा ‘पिंपळगाव बसवंत’ हे नाव मान वाकडी करून वाचावे लागते ते यामुळेच. अक्षरे एकाखाली एक रचण्याचा पर्याय रोमन लिपीत कसाबसा चालतो, देवनागरीत शिरोरेषाच तुटते. अशा वेळी सरळ आडवा स्तंभालेख निवडावा म्हणजे नावे डावीकडे आडवी, वाचता येतील अशी बसतात. आडव्या आलेखात यादीतले पहिले नाव सर्वांत खाली येते, हे पाहून गोंधळू नये. अक्षाच्या मांडणीत ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण केली की क्रम सुलटा होतो. शाखा ठेवींच्या उतरत्या क्रमाने लावल्या तर आणखी चांगले, पण शाखाधिकाऱ्यांचा मान राखायचा म्हणून स्थापनेचा क्रम धरण्याची प्रथा बऱ्याच संस्थांत आहे, तिच्याविरुद्ध माझे काही फारसे चालत नाही.

फाँटविषयी एवढेच म्हणतो की आलेखातला मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. कॅलिब्रीत देवनागरी अक्षरे नसल्याने विंडोज ती दुसऱ्या फाँटमधून उसनी घेते आणि अक्षरांचा आकार कमी-जास्त दिसतो. संपूर्ण आलेख निवडून एकदाच निर्मला यूआय, किंवा विनामूल्य मिळणारे मुक्ता अथवा नोटो सान्स देवनागरी ठरवले तर ही विसंगती जाते. अंकही देवनागरीत हवे असतील तर ते संख्येच्या साच्यात भाषेचा संकेतांक घालून दर्शनी रूपापुरते बदलता येतात, मूळ आकड्यांना हात लावावा लागत नाही. एवढे झाले की पान लावणाऱ्याला पांढरी चौकट टाकण्याचे कारणच राहत नाही.

वर्तुळालेखाविषयी आणि त्रिमितीय चित्रांविषयी फार लिहीत नाही. तिरप्या वर्तुळात पुढच्या बाजूचा तुकडा मोठा भासतो, म्हणून थकबाकी मागे आणि ठेवी पुढे ठेवण्याची चलाखीही होऊ शकते. पूर्णांकात दाखवलेल्या टक्क्यांची बेरीज कधी ९९ तर कधी १०१ येते, तेव्हा ‘टक्केवारी पूर्णांकात’ अशी टीप हवी, नाहीतर सभेत त्यावरून अर्धा तास जातो. सहाहून अधिक तुकडे असतील तर वर्तुळ सोडून आडवे स्तंभ काढावेत.

नव्या शाखेच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी. शाखा सुरू होण्याआधीच्या वर्षांच्या चौकटीत शून्य लिहिले, तर रेषा तळाशी सरपटत येऊन अचानक उसळते आणि प्रत्येक वर्षावर ‘०’ असे लेबल येते. चौकट रिकामी ठेवली आणि रिकाम्या चौकटींसाठी ‘गॅप्स’ हा पर्याय ठेवला, तर रेषा शाखेच्या पहिल्या वर्षापासून सुरू होते. शाखा नव्हती आणि शाखेत ठेवी नव्हत्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबात आपण त्या वेगळ्या मानतो, तशा आलेखातही मानाव्यात.

हे सारे प्रत्येक वर्षी नव्याने करावे लागते, असेही नाही. एक आलेख मनासारखा झाला की त्यावर राइट क्लिक करून तो ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करता येतो आणि पुढचे आलेख त्याच साच्यातून निघतात. जिल्हा सहकारी संघ आणि पतसंस्थांच्या संघटना संचालकांसाठी व सेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतात. त्यांत वसुली आणि कायदा यांसोबत एक तास आलेखांसाठी दिला आणि असा एखादा तयार साचा शून्याच्या अक्षासह व कोटींच्या लेबलांसह सर्वांना वाटला, तर छोट्या संस्थांची मोठी सोय होईल.

आपल्या दैनिकाकडेही दोन मागण्या आहेत. प्रसिद्धिपत्रकासोबत आलेल्या आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल किंवा त्यावर आकडेच नसतील, तर तो न छापता संबंधित संस्थेकडून मूळ कोष्टक मागवावे आणि आलेख आपल्या कार्यालयात काढावा. चार आकड्यांचा आलेख काढायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आणि आपल्याच वार्ताहरांनी अर्थसंकल्पाच्या, पावसाच्या किंवा निकालांच्या बातम्यांसाठी काढलेल्या आलेखांवर एकक, वर्ष आणि आकड्यांचा स्रोत ही तीन लेबले चित्राच्या आतच असावीत, बाजूच्या मजकुरात नव्हे, कारण हल्ली आलेखाचे तेवढेच कात्रण मोबाइलवर फिरते आणि बातमी मागे राहते. संकेतस्थळावर आलेख टाकताना त्याला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, जोडला, तर पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकांनाही आकडे ऐकू येतील. ‘चित्र’ एवढा एकच शब्द ऐकून त्यांना पुढे जावे लागते, अशी आजची बहुतेक मराठी संकेतस्थळांवरची स्थिती आहे.

या वर्षीच्या सभांचे अहवाल छपाईला जायला अजून अवधी आहे, म्हणून हे पत्र आताच पाठवत आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक वाचक